सत्तेचाळिसावं मिनिट

खडकी बाजारात बेहरामच्या हॉटेलात
कोपऱ्यातल्या टेबलाचा एक पाय आखूड आहे,
त्याखाली जुन्या सामन्यांच्या तिकिटांची घडी.
त्या टेबलावर रविवारपासून मॅच चालू आहे.
आज बुधवार.

मिठाची बाटली म्हणजे सेल्वम, आमचा.
चमचा म्हणजे संपत लोणारे, घोरपडीचा फुलबॅक.
साखरेची वाटी ही डी,
आणि टूथपिकची डबी म्हणजे पंच,
नेहमीसारखा लांब, पाठ करून.

"बॉल गेलेला होता," ऑगस्टिन म्हणतो.
"बॉल गेल्यावर खांदा आला.
याला टॅकल नाही, फौजदारी म्हणतात."
चमचा धावत येतो, बाटली आडवी,
मीठ थेट तुपसौंदरांच्या बशीत.

"तू चमचा पळवतोयस," तुपसौंदर म्हणतात.
"संपत जागचा हलला नव्हता. विजेचा खांब असतो तसा उभा.
खांबावर कुणी जाऊन आदळला
तर खांबाला कार्ड दाखवायचं?"

तीन सामन्यांची उपांत्य फेरी ही.
पहिल्यात त्यांच्या गोलीची दोन बोटं मोडली.
ती कुणी मोडली हे या टेबलावर निघत नाही,
त्या दिवशी चमचा आमचा होता.
दुसऱ्यात शिट्टीपासून कोपरं, ढुशा,
नेहरूनगरच्या निळ्या टर्फवर
आधी पाणी उडायचं, मग माणूस.
आणि सत्तेचाळिसाव्या मिनिटाला तो आवाज,
ओल्या पोत्यावर दांडकं बसावं तसा.
पिवळं कार्ड, पाच मिनिटं.
जबडा दोन ठिकाणी, सहा आठवडे.
हा हिशेब खडकीत अजून कुणाला जुळलेला नाही.

"आमच्या वेळी असलं नव्हतं," ऑगस्टिन म्हणतो.
तुपसौंदर काही बोलत नाहीत.
कप खाली ठेवतात, वाकतात,
डाव्या पायाची पँट गुडघ्यापर्यंत वर घेतात.
नडगीवर खड्डा आहे. वाटाणा बसेल एवढा.
"अठ्ठ्याऐंशी. फॅक्टरीचं ग्राउंड. कुणाची स्टिक?"
"अहो, तेव्हा बॉल होता तिथं."
"बॉल गेलेला होता, ऑगस्टिन."

पंखा फिरत राहतो.
बेहराम गल्ल्यातून मान वर करून बघतो,
कुणी उठून गेलं का, बिल कुणावर टाकायचं.

खरं तर सगळ्यात जास्त मीच बोललोय.
रविवारी मी म्हणालो, मुद्दाम.
सोमवारी पेपरच्या कडेला बाण काढून दाखवले.
काल घोरपडीच्या मेव्हण्याला फोनवर असं काही बोललो
की बहीण दुपारपासून फोन उचलत नाही.
आणि सत्तेचाळिसाव्या मिनिटाला
माझी शेंगदाण्याची पुडी बाकाखाली पडली होती.
मी वाकलो होतो. दाणे गोळा करत होतो.
आवाज तेवढा ऐकला.

मान वर केली तेव्हा
संपतची स्टिक दहा हातांवर पडलेली,
आणि तो गुडघ्यांवर,
सेल्वमचं डोकं एका कुशीला वळवून
तोंडात बोटं घालून रक्त बाहेर काढत होता,
श्वास अडकू नये म्हणून.
पंचाने खांद्याला धरून ओढलं तरी
त्याने हात सोडला नाही.
हे मी पाहिलंय. एवढंच पाहिलंय.
कुठल्याच बाजूला उपयोगी पडत नाही,
म्हणून चार दिवसांत काढलं नाही.

तुपसौंदर पँट खाली सोडतात.
ऑगस्टिन बोटाने मीठ गोळा करतो,
परत बाटलीत भरायला बघतो, भरत नाही.
तिसरा सामना रविवारी, चार वाजता.
चमचा खेळणार. बाटली नाही.

नवा चहा येतो. साखर तळाशी बसलेली.
मी चमच्याकडे हात नेतो
तर दोघं एकदम म्हणतात,
"थांब. तो हलवू नकोस."